माझ्या नावावरच्या साठ बॅगा

सरांनी माझ्या हातातलं मशीन काढून घेतलं, डोक्याच्या वर धरलं आणि सोडून दिलं. खाली सिमेंटचा कोबा. मशीन आपटलं, उसळलं आणि माझ्या पायाच्या बोटांवर येऊन पडलं.

"बघितलंत?" सर म्हणाले. "काही होत नाही त्याला. या लोकांच्या हातात द्यायचंय म्हणून मुद्दाम असलं मागवलंय. उचल गं."

मी उचललं. पडदा चालूच होता. माझी बोटं ठणकत होती, पण तिकडं कोण बघतंय.

"पट्टा घट्ट बांध मनगटाला. तुला काय अवघड आहे? मेंढरं हाकायची सवयच आहे. ही मेंढरं पळत नाहीत, एवढंच."

आम्ही नऊ बायका ओळीनं उभ्या होतो. सगळ्या हसल्या. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की ही पहिल्यापासून वाघीण होती. नव्हते. माझा बाप मेंढरं राखतो, त्याचा बाप राखायचा, आणि त्यावरून चारचौघांत कुणी खिदळलं की आपणही खिदळायचं, हे मी पहिलीच्या वर्गातच शिकले होते. बारावी पास झाले तरी ती सवय गेली नव्हती.

परभणीहून मानवतकडं निघालं की रस्त्याच्या कडेला बियाण्याचं मोठं गोदाम लागतं. निळे पत्रे, आत छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा. काम सोपं. मशीन म्हणजे विटेएवढा मोबाईल, चहूबाजूंनी रबर, पुढून लाल उजेड निघतो. मांडणीवरच्या चिठ्ठीवर उजेड मारायचा, बॅगेवरच्या चिठ्ठीवर मारायचा, टूं वाजलं की बॅग खाली घ्यायची. कुठल्या गल्लीत जायचं, किती उचलायच्या, कोणत्या गाडीला लावायच्या, सगळं पडद्यावर येतं. आपण डोकं वापरायचं नाही. गोदाम सांभाळणारे सर तसं म्हणायचेच, "डोकं मशीनला आहे, तुम्ही फक्त हात द्या."

पाच मिनिटं उजेड मारला नाही की मशीन थरथरायचं. दहा मिनिटं झाली की केबिनमध्ये सरांच्या कॉम्प्युटरवर आमच्या नावापुढं तांबडी रेघ यायची. संडास गोदामाच्या पार मागं, बाभळींच्या पलीकडं. जाऊन यायला पाच मिनिटं पुरायची नाहीत, आणि पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. संडासात बसलेलं असताना मनगटावर ते मशीन थरथरायचं आणि अर्ध्यातून उठावं लागायचं. बायकांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. मे महिन्यात, पत्र्याखाली, परभणीच्या उन्हात. गयाबाई दोनदा चक्कर येऊन पडली. ती झरीची, वयानं माझ्या आईएवढी. सरांनी आधी मशीन उचलून पाहिलं.

मग सोडून का गेलो नाही? कागदापायी.

कामावर घेताना मजूर पुरवणाऱ्या गुत्तेदारानं सांगितलं होतं, "मशीन महागाचं आहे. घेऊन पळालात तर आम्ही कुठं शोधायचं? मूळ कागद जमा करा. काम सोडताना परत मिळंल." झेरॉक्स चालत नव्हती. ज्यांनी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं त्यांनी रेशन कार्ड दिलं. मी बारावीचा मार्कमेमो, म्हणजे गुणपत्रिका दिली. पावती मागितली नाही. सरांचे आई-वडील दोघं मास्तर, घरात पोथ्यापुस्तकं, बोलणं कसं स्वच्छ. असा माणूस खोटं कशाला करील, असं मला वाटलं. शिकलेल्या माणसाकडं पावती मागायची म्हणजे त्याचा अपमान, अशी आमची समजूत. आमच्या घरातली ही जुनी चूक आहे आणि ती मी बारावी होऊनही केली. नऊ पाकिटं केबिनमधल्या लोखंडी कपाटात गेली आणि आम्ही नऊजणी त्यांच्यासोबत अडकलो.

त्या केबिनमध्ये आम्हाला मज्जाव होता. आत गार हवा, कॉम्प्युटर, सरांची खुर्ची. "तुमच्या पायाची धूळ येते," म्हणायचे. म्हणून केबिनला एक सरकती खिडकी होती. सकाळी आम्ही खिडकीपुढं उभं राहायचं, सर एकेक मशीन बाहेर सरकवायचे. आमच्या नावानं ते आधीच उघडलेलं असायचं. "पासवर्ड तुमच्या डोक्यात राहणार नाहीत," म्हणून सगळे पासवर्ड त्यांच्याकडंच. बरोबर एक वाजता जेवणाची सुट्टी, मशीन खिडकीतून आत. पावणेदोनला बाहेर. तेवढ्या वेळात ते चार्जिंगला लागायचं आणि आम्ही बाभळीखाली भाकरी सोडायचो.

खरं सांगू का, सुरुवातीला मला त्या मशीनचं अप्रूप होतं. पडद्यावर सगळ्यात वर माझं नाव यायचं, इंग्रजीत, आडनावासकट. मी ते बोटानं पुसून पुसून बघायची. माझ्या बापाला, आबांना घरी सांगितलं होतं की इतक्या मोठ्या गोदामात माझ्या नावाचं मशीन आहे.

जूनमध्ये पेरणीची घाई लागली. गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या. दुकानदारांचे फोनवर फोन. शेवटच्या मांडणीला तांबडी फीत लावलेली होती. तो माल उगवण तपासणीत नापास झालेला, परत पाठवायचा. एके सकाळी माझ्या मशीननं मला त्याच गल्लीत नेलं. बॅगेवर उजेड मारला तर टूं वाजायच्या ऐवजी मशीन कर्कश ओरडलं, पडदा तांबडा झाला. मी खिडकीशी गेले.

"सर, ह्या बॅगा तांबड्या दाखवायल्यात. नापास मालातल्या हायत."

"तू दुसरी गल्ली घे," सर म्हणाले. "मी बघतो."

एक वाजता मी मशीन आत दिलं. जेवून आले तेव्हा मालाची एक गाडी फाटकाबाहेर पडत होती. मी तिच्याकडं बघितलं असेल-नसेल. माझी भूक भागलेली होती आणि मशीन थरथरायच्या आत पहिली बॅग मारायची होती.

पुढं पाऊस झाला, पेरण्या झाल्या. दहा-बारा दिवसांत बोंब सुरू झाली. वालूरच्या दुकानात लोक जमले, मानवतच्या दुकानात जमले. बी उगवलंच नव्हतं. मग बियाण्याच्या कंपनीचा एक अधिकारी गाडी घेऊन आला. दुपारी तीन वाजता मला बोलावणं आलं, आणि तेही खिडकीशी नाही. केबिनमध्ये.

"चप्पल बाहेर काढ," सर म्हणाले.

मी काढली. आतली फरशी इतकी गार होती की पाय आखडले. अधिकारी सरांच्या खुर्चीत बसला होता. गुत्तेदार भिंतीला टेकून उभा. सरांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. साठ ओळी होत्या. प्रत्येक ओळीत माझं नाव.

"नापास लॉटच्या साठ बॅगा हिच्या मशीनवरून गेल्या," सर अधिकाऱ्याला म्हणाले. "मशीन अडवत होतं, तरी हिनं पुढं दाबलं. काय करणार, समज कमी आहे यांची."

"मी न्हाई केलं, सर."

"मशीन खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी पुस्तकात वाचली होती. त्या दिवशी तिचा अर्थ अंगावर आला. गुत्तेदारानं टेबलावर एक कागद ठेवला. टाईप केलेला होता, म्हणजे मला बोलवायच्या आधीच तयार होता. 'माझ्या अडाणीपणामुळे व निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात होती. मी वाचायला लागले तसा सरांनी हात मध्ये घातला आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं.

"मला सही येते," मी म्हणाले.

"अंगठाच बरा. सही उद्या तू नाही म्हणशील."

आणि त्यांनी माझं मनगट धरलं. बारा वर्षं शाळा शिकलेली मी, आणि माझा अंगठा त्यांनी पॅडवर दाबला. जोर करून, दोनदा. मनगटावर मशीनच्या पट्ट्यानं कायमचा पडलेला काळा वळ होता, त्याच्यावरच त्यांची बोटं. माझ्या आईनं आयुष्यभर अंगठा दिला. रेशनला, बँकेत, माझ्या शाळेच्या दाखल्यावर. मी सही गिरवायला शिकले तेव्हा ती माझ्या शेजारी बसून बघायची. मला तेव्हा इतकी लाज वाटली आणि त्या लाजेचा इतका राग आला की डोळ्यांपुढं काही दिसेना.

मी मूठ मिटली. अंगठा आत घालून, गच्च. सर उघडायला लागले. उघडेना. मेंढराच्या पायात घुसलेला काटा उपटताना मेंढरू धरून ठेवायला लागतं, ते हात आहेत हे. त्यांना ते माहीत नसावं.

मूठ तशीच ठेवून मी पडद्याकडं बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. माझ्या नावाच्या पुढं वेळ होती.

"साहेब," मी अधिकाऱ्याला म्हणाले, "किती वाजताचं हाय ते बघा."

त्यानं बघितलं. एक वाजून एकोणीस मिनिटांपासून एक वाजून एकेचाळीस मिनिटांपर्यंत.

"ती आमची जेवणाची सुट्टी. त्या वेळात समदी मशीनं इथं ह्या केबिनमध्ये असतात. आन्‌ आमाला इथं येऊ देत न्हाईत. सात महिने झाले, मी आज पहिल्यांदा आत आले. त्या खिडकीला विचारा, न्हाईतर बाहेरच्या बायांना विचारा."

  आमच्या पायाची धूळ नको म्हणून त्यांनी जो उंबरा राखला होता, त्यानंच ते अडकले होते. अधिकाऱ्यानं सरांकडं बघितलं. सर कॉम्प्युटरकडं बघत होते. गोरा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, झालं. खरं बाहेर आलं. आता हा साहेब त्यांना विचारील.

अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं. मग उठला.

"हे तुमचं तुम्ही आपसांत बघा," तो सरांना म्हणाला. "मला दुकानदारांना दाखवायला कागद पाहिजे. चूक करणाऱ्याला काढलं, असा. परवापर्यंत."

तो गेला. त्याला सगळं कळलं होतं, आणि कळूनही तो गेला. मला सरांपेक्षा त्याचा जास्त संताप येतो, आजही.

सर आता शांतपणे बोलले. आवाज अगदी गोड. "हे बघ, तुला नर्सिंगला जायचंय ना? पुढच्या आठवड्यात तुझी कागदपत्रांची तपासणी आहे, मला माहीत आहे. तिथं मूळ मेमो लागतो. सही कर हवं तर, अंगठा नको. सही कर, पाकीट घे आणि जा. कोण तुला फासावर देणार आहे? नाहीतर कागद पण राहू दे इथं आणि मेमो पण."

त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. हाताच्या अंतरावर. मी सही न करता बाहेर आले आणि चप्पल घातली.

आबांची मेंढरं तेव्हा झरीच्या शिवारात एका न पेरलेल्या रानात बसली होती. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतानं रान कसदार होतं, आम्हाला चारा आणि धान्य मिळतं. आमचं असं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं गेले. आबा एका आजारी मेंढीला पाला चारत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"कर सही," म्हणाले. "अडला हरी गाढवाचे पाय धरी. सही केल्यानं कुणी मरत न्हाई, बाई. तुझी जिंदगी मार्गी लागंल."

"तो कागद दुकानांत दाखवणार हायत, आबा. माझं नाव, आपलं आडनाव. हिच्या हातानं खराब बी आलं म्हणून."

"मग?"

"त्या पलीकडच्या रानात कोणतं बी पडलंय?"

आबांनी तेव्हा वर बघितलं. बांधापलीकडं शेजारचं रान होतं. त्यात कुठं कुठं एखादा कोंब आणि बाकी सगळी काळी माती. त्याच रानाच्या शेतकऱ्यानं दरवर्षी आबांच्या हाताला धरून आमची मेंढरं रानात नेली होती. हाच कागद त्याच्या हाती पडला असता तर आमच्या मेंढरांना या शिवारात पाय कुणी ठेवू दिला असता?  

"लय वाईट केलं गं त्यांनी," आबा एवढंच म्हणाले. पुन्हा सही कर म्हणाले नाहीत, करू नको असंही म्हणाले नाहीत. परत पाला चारायला लागले.

मी तिथंच बांधावर बसून वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. सकाळी मशीन तांबडं झालं ते. मी सरांना सांगितलं ते. मशीन एक वाजता खिडकीतून आत दिलं ते. साठ बॅगा किती वाजता गेल्या ते. खाली सही केली, पूर्ण नाव, मराठीत.

गोदामात गेल्यावर आधी गयाबाईला दाखवलं. मी तिला म्हणाले, "मावशे, तू बी तिथंच होतीस. साक्षीदार म्हणून खाली नाव टाकते, अंगठा दे."

गयाबाईनं माझा हात धरला. "माझं राशन कार्ड आत हाय गं माय. मी अंगठा दिला तर लेकरं काय खातील? तू शिकलेली हायस. आमी कुठं जावं?"

बाकीच्यांनी तर माझ्याकडं बघितलंच नाही. मशीन मनगटाला बांधून गल्ल्यांत शिरल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू. सात महिने ज्यांच्या डब्यातलं खाल्लं त्यांचा राग आला. बरेच दिवस तो राग पुरला. आता तो त्यांच्यावर नाही.

मी खिडकीशी गेले. पान आत सरकवलं.

"सही पायजे होती ना सर? ही घ्या."

सरांनी वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग दोन बोटांनी पान उचलून खिडकीबाहेर सोडलं. "चालती हो," म्हणाले, आणि काच सरकवून बंद केली. काचेतून मला ते कपाट दिसत होतं. पाकिटं वरच्या कप्प्यात.

तपासणीची तारीख आली आणि गेली. मी झेरॉक्स घेऊन गेले होते. टेबलावरच्या बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, मूळ पाहिजे. माझ्या मागं उभ्या असलेल्या मुलीला प्रवेश मिळाला. त्या दिवशी एसटी स्टँडवर मी पदर तोंडात घालून रडले. दोन गाड्या सोडल्या. ज्यांना वाटतं की खरं बोलल्यावर हलकं वाटतं, त्यांना मी सांगते, मला वाटलं नाही. 

मेमोची दुसरी प्रत मिळते म्हणून कळलं. त्यासाठी पोलीस ठाण्याचा दाखला लागतो, मूळ मेमो हरवला असा. मी ठाण्यात गेले. टेबलावरच्या हवालदारानं छापील अर्ज पुढं केला.

"भरा. कुठं हरवला, कधी हरवला. बसमध्ये हरवला लिहा, सगळे तेच लिहितात. पाच मिनिटांचं काम आहे."

मी लिहिलं, 'हरवला नाही. ठेवून घेतला आहे.' कुठं ठेवून घेतला, कुणी, कोणत्या कपाटात, किती पाकिटांसोबत, सगळं लिहिलं. नावं लिहिली. त्यानं वाचलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही परकी भाषा लिहिली आहे.

"बाई, असं लिहिलं तर दाखला मिळत नाही. ही तक्रार झाली. तक्रार वेगळी. तुम्हाला मेमो पाहिजे की भांडण पाहिजे?"

"माझाच मेमो पायजे. अन्‌ बाकीच्या आठ पाकिटांचीबी नोंद पायजे."

"साहेब नाहीत. सोमवारी या."

सोमवारी गेले. साहेब नव्हते. पुढच्या सोमवारी होते, त्यांनी अर्ज वाचला आणि परत केला. हरवला लिही, म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी सांगतो. सरांनीही कुणाकडून तरी निरोप धाडला आहे की तिनं हरवल्याचा दाखला घ्यावा, आमची काही हरकत नाही. हरकत कशी असेल? मी हरवला लिहिलं की कागदावर त्यांचं कपाट रिकामं होतं. साठ बॅगाही मग अशाच कुठून तरी गेल्या म्हणायच्या.

आई म्हणते, एका शब्दानं काय होतंय. गयाबाईही परवा बाजारात भेटली तर तेच म्हणाली. वर्ष वाया जाईल, मला माहीत आहे. कदाचित दोन जातील. नर्सिंग कायमचं राहूनही जाईल.

अर्जाच्या मी दहा प्रती लिहून ठेवल्या आहेत, हातानं, एकेक अक्षर. एक तहसीलला देणार, एक कामगार कार्यालयात, एक वालूरच्या दुकानापुढं ज्यांचं बी उगवलं नाही त्यांच्या हातात. बाकीच्या ठाण्यात. ते परत करतील तशी दुसरी देईन. माझा मेमो हरवलेला नाही. मी तो हरवला असं कधीच लिहिणार नाही.